पिंट्या, मी आणि दोनशे चौरस सेंटीमीटर: पुणे ते बंगळुरू

बुधवार (निघायच्या आदला दिवस)

सुट्टीच्या अर्जात कारण काय लिहायचं हा प्रश्न मला गेली सात वर्षं पडतोय. "घोड्याची स्पर्धा" लिहिलं की एचआरवाली खुदकन हसते, "पर्सनल" लिहिलं की बॉसला वाटतं इंटरव्ह्यूला चाललीये. यावेळी सरळ लिहून टाकलं, शो जंपिंग (घोड्यावर बसून अडथळे ओलांडायची स्पर्धा), बंगळुरू, गुरुवार ते सोमवार, लॅपटॉप सोबत आहे. शेवटचे तीन शब्द नसते लिहिले तर सुट्टी मिळाली नसती, आणि लिहिले म्हणून ती सुट्टी राहिली नाही.

थोडक्यात माझी कर्मकहाणी. बाणेरला एका एजन्सीत डिजिटल मार्केटिंग करते, म्हणजे लोकांचे जाहिरातीचे पैसे गूगल-फेसबुकवर कसे उडतायत त्यावर दिवसभर डोळा ठेवायचा आणि महिनाअखेर क्लायंटला वर जाणारा ग्राफ दाखवायचा, खाली गेला असेल तर "सीझनॅलिटी" म्हणायचं. आणि रोज पहाटे पावणेपाचला उठून गावाबाहेरच्या तबेल्यात जायचं, पिंट्यावर बसायचं, साडेआठला परत, आंघोळ, दहाला कॉल. कॉलवर केसात गवताची काडी दिसली की टीमला कळतं आज राईड चांगली झाली की नाही ते, कारण चांगली झाली असेल तर मी आरशात बघायला विसरते.

पिंट्या थरोब्रेड आहे, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात, रेसमधून रिटायर झालेला. कागदावर त्याचं नाव एकदम भारदस्त इंग्रजी आहे पण सहा रेस पळून पहिल्या तिनात एकदाही आला नाही म्हटल्यावर तबेल्यात तो पिंट्याच झाला. आपल्याकडे जंपिंग करणारे बरेच घोडे असेच रेसकोर्सवरून आलेले असतात, परदेशातून वॉर्मब्लड, म्हणजे खास अशा खेळांसाठी तयार केलेल्या जातीचा घोडा, आणायचा तर आमच्यासारख्यांची सात जन्माची कमाई जाईल. पिंट्या तर पूर्ण माझा पण नाही, हाफ लीजवर आहे, उरलेला अर्धा औंधातल्या एका डेंटिस्ट मॅडमचा. त्या स्पर्धा करत नाहीत, रविवारी येतात, गाजर देतात, त्याचे दात बघतात आणि जातात. चारा, तबेला, सईसाचा पगार, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, वर्षाची इंजेक्शनं, सगळं निम्मं निम्मं करूनही माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा पिंट्या खातो. आईचं म्हणणं असं की एवढ्यात वन बीएचकेचा हप्ता गेला असता. बरोबर आहे तिचं, पण वन बीएचकेवरून उडी मारता येत नाही.

तर या वर्षी पहिल्यांदाच मला स्पॉन्सर मिळाला. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज (घोड्याची शिस्तबद्ध चाल दाखवायचा प्रकार) टीमने गोल्ड मारलं, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. घोडेस्वारीत १९८२ च्या दिल्लीनंतर एकदम ४१ वर्षांनी गोल्ड. दोन दिवस टीव्हीवर घोडे दिसत होते आणि माझ्यातली मार्केटिंगवाली जागी झाली, म्हटलं लोखंड गरम आहे तोवर घाव घाला. रात्री बसून बारा स्लाइडची डेक केली, स्लाइड तीनवर हांगझो, स्लाइड चारवर घोडेस्वार फवाद मिर्झा, २०१८ च्या जकार्ताला दोन सिल्व्हर, टोकियो ऑलिंपिकला तेविसावा, आणि त्याच्या मागे एम्बसी ग्रुपसारखा बांधकाम व्यवसायातला स्पॉन्सर कसा उभा राहिला वगैरे. अकरा ठिकाणी पाठवली. दहांनी उत्तर दिलं नाही. अकरावे म्हणजे बारामतीकडचे एक काका, त्यांचा जनावरांच्या खाद्याचा कारखाना आहे, ते म्हणाले ते मिर्झा-बिर्झा राहू द्या ताई, तुमचा घोडा पेंड खातो का? पेंड नाही खात, म्हटलं, पण तुमचं मिक्स खाईल. पंधरा हजार रुपये आणि बारा पोती, ठरलं.

बदल्यात काय, तर सॅडलच्या खालच्या कापडावर त्यांचा लोगो. पिवळ्याधमक रंगावर एक गाय, शेजारी नाव, खाली फोन नंबर. मी व्यवस्थित छोटा, सुबक डिझाइन करून पाठवला. काकांचा रिप्लाय आला, "ताई लोगो जरा मोठा करा." तेरा वर्षं झाली मला या धंद्यात, हे वाक्य ऐकलं की हात आपोआप चालतो. मोठा केला. "अजून जरा." केला. रविवार पेठेत एकाकडून भरतकाम करून घेतलं, २० बाय १५ सेंटीमीटर. लोगोच्या साइजचा काहीतरी नियम असतो हे मला अंधुक आठवत होतं पण तेव्हा एका क्लायंटचा सेल चालू होता आणि नियमपुस्तक काढून बघायला वेळ कोणाला. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

गुरुवार

पहाटे तीनला गाडीत घोडे चढवले. घोडे म्हणजे दोन, पिंट्या आणि एका कॉलेजातल्या मुलीची घोडी. ती मुलगी स्वतः सकाळच्या विमानाने गेली, आमचे कोच रिसालदारसाहेब ट्रेनने, आणि मी ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि मामांच्या मधे, कारण विमानाच्या तिकिटाचे पैसे पिंट्याच्या नव्या नालांत गेले. मामा म्हणजे आमचे सईस. मूळचे साताऱ्याकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, त्यांचे आजोबा कुठल्याशा सरदाराच्या पागेत मोतद्दार होते असं ते सांगतात, आणि पिंट्या माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतो हे मी सांगते.

घोडा लांब न्यायचा म्हणजे काय काय असतं हे लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिते. आधी कागद: रक्ताची तपासणी, ग्लँडर्स आणि ईआयए या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी निगेटिव्ह असल्याचा रिपोर्ट, डॉक्टरचं प्रवासाला फिट असल्याचं सर्टिफिकेट, घोड्याचा पासपोर्ट. हो, त्याला पासपोर्ट असतो, माझ्या पासपोर्टपेक्षा त्याच्यावर शिक्के जास्त आहेत. मग चारही पायांना जाड बँडेज, खाली रबराची मॅट आणि त्यावर पेंढा, समोर जाळीत गवत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोर सैल ठेवायचा. नवीन माणूस घोडा हलू नये म्हणून तोंड वर करून आखूड बांधतो आणि तिथेच चुकतो, घोड्याला अधूनमधून मान खाली घालता आली पाहिजे, नाहीतर नाकातली घाण, धूळ सगळी फुफ्फुसात उतरते आणि पोचेपर्यंत ताप. मामा दर थांब्याला मागे चढून आधी नाकपुड्या बघायचे, मग कानामागे हात लावून बघायचे, मग पाणी.

पाण्याचाच घोळ झाला. पिंट्या शिरवळला एक घोट प्यायला, मग खंबाटकी चढून साताऱ्याजवळ थांबलो तिथे मामांच्या घरून काकू बाजरीच्या भाकरी, ठेचा, पिठलं घेऊन हायवेला आल्या होत्या, सोबत दोन कॅन घरच्या विहिरीचं पाणी. ते मात्र पिंट्याने बादलीभर ओढलं. काकू म्हणाल्या, आमच्या पाण्याला चव आहे. तेव्हा मला ते कौतुक वाटलं, संध्याकाळी ते संकट वाटायला लागलं कारण त्यानंतर कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, कुठेच त्याने बादलीला तोंड लावलं नाही. नाक बुडवायचा, फुर्रर करायचा, आणि माझ्याकडे असा बघायचा जणू मी त्याला फिनेल पाजतीये. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागतं आणि नाही प्यायला तर पोटशूळ, आणि घोड्याला उलटी करता येत नाही त्यामुळे पोटात अडकलं की अडकलं. मला घाम फुटला होता. मामा शांत. "ताई, अजून चारपाच तास बघू, मग गूळ घालू. लगेच घातला तर उद्यापासून साधं पाणीच पिणार नाही ते, लाडावतं."

दरम्यान माझा ऑफिस टाइम चालूच होता. कागलपर्यंत रेंज छान, दहाचा कॉल मी केबिनमधून घेतला, कॅमेरा बंद. क्लायंट म्हणाला तुमच्याकडे कुणी कन्स्ट्रक्शन चालू आहे का, ठोकल्याचा आवाज येतोय. पिंट्या मागून पत्र्यावर लाथा घालत होता. मी म्हटलं हो, वरच्या मजल्यावर. बॉर्डरला कागद बघायला एक हवालदारसाहेब आले, कागद राहिले बाजूला, विचारलं रेसचा आहे का, किती पळतो, किंमत काय. ज्या माणसाला माझा घोडा दिसतो तो हेच तीन प्रश्न विचारतो, पुण्यात, बेळगावात, कुठेही.

धारवाडच्या पुढे मी मांडीवर लॅपटॉप घेऊन एका दागिनेवाल्याच्या जाहिरातीची तीन व्हर्जन पाठवली. तिन्हीत बटण पिवळं ठेवलं, पिवळ्या बटणावर जास्त क्लिक येतात हे आमच्याकडे टेस्ट करकरून सिद्ध झालेलं. हे पण लक्षात ठेवा.

रात्री हावेरीच्या पुढे एका पंपाच्या मागे, झाडीत, गाडी उभी केली. घोडे खाली उतरवून अर्धा तास फिरवले. तेव्हा मामांनी बादलीत मुठीएवढा गूळ कुस्करला, पाणी ढवळलं, दोन बोटं पिंट्याच्या ओठांना लावली. त्याने ओठ चाटले, वरचा ओठ उलटा करून दात दाखवत आकाशाकडे बघितलं आणि मग जो प्यायला बसला, त्या अंधारात घोट घोट घशातून खाली जाताना दिसत होते, कान प्रत्येक घोटाला पुढेमागे. मी मोजले, एक्केचाळीस घोट. मग रडले थोडी, कशाला माहीत नाही, झोप झाली नव्हती.

शुक्रवार

दावणगेरेला बेण्णे डोसा खाल्ला. लोण्याचा गोळाच्या गोळा वर. यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. चित्रदुर्गच्या पवनचक्क्या बघत, तुमकूरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत दुपारी एकला बंगळुरूबाहेरच्या मैदानावर पोचलो. फवाद मिर्झा या गावचा, वडील घोड्यांचे डॉक्टर, त्यामुळे की काय पण इथे घोडा बघून कुणी किंमत विचारत नाही.

डॉक्टरांनी घोडे तपासले, पळवून बघितले, पास. मग सामानाची तपासणी. स्टुअर्ड, म्हणजे नियम पाळले जातायत का ते बघणाऱ्या बाई अगदी प्रेमळ, हेल्मेट बघितलं, लगाम बघितला, घोड्याच्या तोंडातलं लोखंड बघितलं, आणि माझं ते सॅडलखालचं कापड उलगडल्यावर त्यांनी पर्समधून फूटपट्टी काढली. पोटात गोळाच आला.

वीस. पंधरा. तीनशे.

एफईआयचा, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आहे, सॅडलच्या कापडावर एका बाजूला लोगो दोनशे चौरस सेंटीमीटर, बास. म्हणजे काकांच्या "अजून जरा" ने मला बरोबर शंभर चौरस सेंटीमीटर खड्ड्यात घातलं होतं. काकांना कशाला नाव ठेवू, नियम न वाचता मोठा मीच केला होता. आयुष्यभर क्लायंटला "ब्रँड गाइडलाइन वाचा" म्हणून सांगणारी मी. दुसरं कापड होतं पण ते साधं पांढरं, ते घातलं तर पंधरा हजार आणि बारा पोती यांना मी काय तोंड दाखवणार. पोती तर अर्धी खाऊन पण झाली होती.

मामांनी उपाय काढला. घोड्याच्या पायाला लावतो ती पांढरी चिकटपट्टी, ती लोगोच्या खालच्या पाच सेंटीमीटरवर आडवी मारायची. वीस गुणिले दहा, दोनशे. चोख. रात्री टॉर्च लावून आम्ही दोघांनी पट्टी मारली आणि वर सुईदोऱ्याने टाचली. फोन नंबर गेला. कंपनीचं नाव आणि गायीचं चित्र शेजारी-शेजारी होतं त्यामुळे नाव वाचलं, पण गाय पोटापासून खाली गायब. मामा लांबून बघून म्हणाले, "पाण्यात उभी असल्यागत दिसती." खरंच तशीच दिसत होती. म्हैस असती तर शोभलं असतं.

संध्याकाळी हलकं काम, वीस मिनिटं ट्रॉट (दुडकी चाल), थोडा कँटर (हलकी दौड). पिंट्या छान हलका होता. पाणी गुळाचंच पितोय.

शनिवार

माझा क्लास एक मीटरचा, म्हणजे अडथळ्यांची उंची तेवढी, तेहतीस एंट्री, माझा नंबर सतरावा.

सकाळी कोर्स वॉक. म्हणजे घोड्याशिवाय, बूट घालून, सगळ्या अडथळ्यांमधून चालत जायचं आणि अंतर मोजायचं. घोड्याची कँटरमधली एक ढांग साधारण साडेतीन मीटरच्या वर धरतात, आपली चार पावलं म्हणजे त्याची एक. चोवीस पावलं मोजली तर चार वजा, दोन उतरायला दोन उडायला, उरलेल्या विसाच्या पाच ढांगा. रिसालदारसाहेब पुढे, मी आणि ती कॉलेजकन्या मागे, तोंडाने मोजत. साहेब ६१ कॅव्हलरी या सैन्याच्या घोडदळातून रिटायर झालेत, जयपूरला उभी हयात घोड्यांत काढली, मूळचे कोल्हापूरचे पण शिकवताना हिंदीतच शिकवतात, ओरडायला हिंदी बरी पडते म्हणतात. पाच नंबरपाशी आल्यावर ते थांबले. पाच नंबरला एका स्पॉन्सरचा बोर्ड होता, दांड्यांच्या खाली जमिनीपासून कमरेएवढा, पिवळाधमक, त्यावर मोठ्ठाली काळी अक्षरं. मी मनात म्हटलं वा, काय व्हिजिबिलिटी आहे, प्रत्येक फोटोत येणार. साहेब म्हणाले, "बेटा, यह तुम्हारा दुश्मन है."

घोड्याला आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही, पण निळा आणि पिवळा चांगला कळतो. म्हणजे हिरव्या गवतावर लाल दांडी ठेवली तर त्याला मळकट काहीतरी, पण पिवळा बोर्ड म्हणजे भर मैदानात कुणीतरी किंचाळल्यासारखं. वर त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला, कपाळाच्या अगदी समोर जवळचं दिसतच नाही, उडी मारायच्या क्षणी तो अडथळा त्याच्या नजरेतून गेलेला असतो, तो आठवणीवर आणि आपल्यावर विश्वास ठेवून उडतो. हे सगळं मला माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी तीन पिवळी बटणं करून पाठवताना मात्र आठवलं नव्हतं.

वॉर्म-अपला जाताना फोन मामांच्या खिशात दिला. पुढचं मामांनी नंतर सांगितलं. फोन वाजला, मामांनी उचलला, पलीकडे माझा सेलवाला क्लायंट. मामा म्हणाले, "ताई घोड्यावर आहेत." क्लायंट म्हणाला, "अहो घोड्यावर तर आम्ही पण आहोत, दहा मिनिटात जाहिरातीचा क्रिएटिव्ह पाहिजे, त्यांना म्हणावं जरा खाली उतरा." मामा म्हणाले, "उतरतील की, आता कशा उतरतील ते देवाच्या हातात आहे," आणि फोन ठेवला.

बेल वाजली, बेल वाजल्यापासून पंचेचाळीस सेकंदात स्टार्ट लाइन ओलांडायची. एक झाला, दोन मस्त, तीन-चारच्या मधे पाच ढांगा बरोब्बर आल्या, आणि वळून पाचवर आलो. पिंट्याची मान अशी वर गेली ना, कान ताठ, आणि माझ्या मांड्यांखाली त्याची पाठ आकसत गेलेली मला आधी कळली, मग ढांगा लहान, लहान, लहान, आणि ब्रेक. मी त्याच्या मानेवर. पडले नाही, मानेचे केस धरून सॅडलवर परत आले. चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. वळवला, पाय घट्ट लावले, एक चाबूक, परत आणला. यावेळी तो थांबला नाही, डावीकडे निसटला, आणि बेल वाजली. दुसऱ्यांदा नाही म्हटलं की एलिमिनेट, टोपीला हात लावून परेडसारखं बाहेर जायचं.

बाहेर येऊन मी कुणाशीच बोलले नाही. सॅडल काढलं, पिंट्याला फिरवत बसले, त्याच्या अंगाला हिरव्या गवताचा, घामाचा वास येत होता. कापडावर पाण्यातली गाय. फोनवर सतरा मेसेज. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तो दहा मिनिटांचा क्रिएटिव्ह तोवर आमच्या ज्युनियरने करून टाकला होता आणि माझ्यापेक्षा चांगला केला होता.

दुपारी साहेब आले. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्हारे काका की बोरी है क्या साथ में? म्हटलं हो, दोन पोती आणलीत. बोरी कोणत्या रंगाची? पिवळी, काळी अक्षरं. साहेब फक्त हसले.

मग संध्याकाळभर तबेल्यामागे काकांची रिकामी पोती आडवी अंथरून, एक भिंतीला टेकवून उभी करून, मी पिंट्याला त्या पोत्यांवरून चालवत होते. आधी फुरफुर, मग मान लांब करून वास घेणं, मग एक खूर ठेवून लगेच मागे. मामांनी तोबरा काढून घेतला आणि रात्रीचं खाणं पोत्यावरच पसरून ठेवलं. अर्धा तास तो लांब उभा. मग भूक लागली असणार. मी शेजारी विटेवर बसून क्लायंटचा रिपोर्ट लिहीत होते, कोणता रंग किती क्लिक, आणि दोन फुटांवर पिंट्या पिवळ्यावरचे हरभरे ओठांनी एकेक करून उचलत होता. एकदा तर पोतंच दातात धरून फडफडवलं त्याने. साहेब म्हणाले, अब ठीक है.

रविवार

आज एक मीटर पाच सेंटीमीटरचा क्लास, कोर्स नवीन, पण बोर्ड तोच. आज तो आठ नंबरला, सरळ लाइनमध्ये सातनंतर सहा ढांगांवर. रात्रभर मला झोप नव्हती, पिंट्याला होती.

पहिल्या सातमध्ये काही सांगण्यासारखं नाही. सात उतरल्यावर मी मोजायला लागले, मोठ्याने, एक, दोन, तीनला त्याचे कान फिरले, त्याला दिसला तो. चारला पाठ आकसायला लागली आणि मी पाय लावले पण काल लावले तसे नाही, काल मी घाबरून आवळले होते. पाचला तो किंचित लांब झाला. सहा. आणि वर गेला, गरजेपेक्षा दीड फूट वर, तोंड खाली वाकवून बोर्डाकडे बघत बघत गेला येडा, उतरताना मी रिकिबीतून अर्धी बाहेर. त्या गडबडीत नऊ नंबरच्या डबलला, म्हणजे ए आणि बी अशा लागोपाठच्या दोन अडथळ्यांना, तिरके आलो आणि बी ची दांडी पडली. चार फॉल्ट, वेळेत. अठ्ठावीसमध्ये अकरावे. जंप-ऑफला, म्हणजे निर्णायक फेरीला, फक्त क्लिअरवाले, एकही फॉल्ट नसलेले, जातात त्यामुळे आमचं काम तिथे संपलं. कॉलेजकन्या क्लिअर गेली आणि चौथी आली, तिला रिबन मिळाली, पिंट्याने ती खायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी कळलं की शनिवारचा माझा तो मानेवर पडतानाचा व्हिडिओ कन्येने रील करून टाकला होता आणि तो बेचाळीस हजार लोकांनी बघितला. आजचा, सुंदर उडीचा, मी स्वतः एडिट करून, गाणं लावून, कॅप्शनला अर्धा तास घालवून टाकला: नऊशे. तेरा वर्षांचा अनुभव.

काकांना दोन्ही पाठवले, लपवण्यात अर्थ नव्हता. पट्टी का मारली तेही लिहिलं, पंधरा हजार परत हवे असतील तर देते असंही लिहिलं. तासाभराने काकांचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, घोडा थांबला तो व्हिडिओ बेस्ट आहे, त्यात आपला लोगो तीन सेकंद स्थिर दिसतो. उडीत दिसत नाही, फार पटकन जाते. गाईचं काय झालं ते बघू, पुढच्या वेळी दोनशेत बसवा." मग जरा थांबून, "आणि पोत्यावर खातो म्हणालात ना, त्याचा फोटो आहे का?"

होता. मामांनी काढलेला, जरा हललेला, पिंट्याच्या ओठाला एक हरभरा चिकटलेला. तो आता काकांच्या दुकानाच्या बोर्डवर लागणार आहे. नंबरसकट.

सोमवार

पहाटे दोनला निघालो. येताना काही विशेष घडलं नाही, बेळगावला कुंदा घेतला, मी दहाचा कॉल रानेबेन्नूरपाशी केला, यावेळी क्लायंटने आवाजाचं विचारल्यावर सांगून टाकलं की घोडा आहे. दोन सेकंद शांतता. मग, "रेसचा का? किती पळतो?"

साताऱ्याला रात्रीचे आठ वाजले. काकू कॅन घेऊन हायवेला उभ्याच होत्या. मामांनी बादली भरली, गूळ नाही काही नाही. पिंट्याने मान खाली घातली. मामा घोट मोजायला लागले आणि काकू म्हणाल्या, मोजू नका हो, दृष्ट लागते.